उलटे उभारलेले घर आणि सिद्धान्ताची काचपेटी

१

पॉलिनेशियातील वस्तू मांडलेल्या कोणत्याही मोठ्या दालनात शिरणाऱ्या प्रेक्षकापुढे सामान्यतः दोन प्रकारच्या पाट्या असतात. पहिल्या प्रकारची पाटी वस्तूला कलाकृती म्हणते आणि तिच्या घडणीकडे पाहावयास सांगते. दुसऱ्या प्रकारची पाटी तिला लोकजीवनाचा नमुना ठरवते आणि ती कोणत्या विधीत, कोणत्या कामासाठी वापरली जात होती याचा तपशील पुरवते. या दोन पाट्यांमधील वाद हा आधुनिक कलाविचारातील एक प्रतिष्ठित वाद आहे. तो मुळात लटका आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. वस्तू मुकी आहे आणि बोलण्याचा अधिकार पाहणाऱ्याचा आहे, हे दोन्ही पक्षांनी न बोलता मान्य केलेले असते. हे गृहीतक संग्रहालयापुरतेच असते, तर साहित्यसमीक्षेला त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या सिद्धान्तांच्या बळावर आजची समीक्षा स्वतःला वासाहतिक दृष्टीच्या पलीकडे गेलेली समजते, त्या सिद्धान्तांच्या पोटात पॉलिनेशियातून उचललेल्या शब्दांचा एक संग्रह आहे. आणि तो संग्रह संग्रहालयाच्याच रीतीने जमवलेला व मांडलेला आहे.

या रीतीचे मूर्त उदाहरण म्हणून 'माताआतुआ' या घराचा इतिहास पाहण्यासारखा आहे. न्यूझीलंडमधील फाकाताने येथे न्गाती आवा या माओरी जमातीने हे कोरीव सभागृह बांधले आणि १८७५ मध्ये ते खुले झाले. असे सभागृह म्हणजे केवळ इमारत नसते. ते पूर्वजाचे शरीर असते. आढे हा त्याचा कणा, वासे या फासळ्या, दर्शनी भागाच्या उतरत्या पट्ट्या हे पसरलेले बाहू. भिंतीतील कोरीव खांब आतल्या बाजूला तोंड करून उभे असतात. आत बसलेल्या माणसांना त्यांच्या पूर्वजांनी वेढलेले असते आणि तेथे होणारे प्रत्येक भाषण या पूर्वजांच्या समक्ष होते. १८७९ च्या सिडनी येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी सरकारने हे घर तेथे नेले आणि भिंती उलट्या लावून ते उभारण्यात आले. कोरीव काम बाहेर आले, उन्हापावसात उघडे पडले. कारण प्रेक्षक बाहेरून पाहणार होते. पुढे मेलबर्न, मग लंडनचे साउथ केन्सिंग्टन, तेथे अनेक दशके तळघरातील साठवण, १९२४ चे वेम्बली प्रदर्शन, १९२५ चे डनीडिन येथील प्रदर्शन आणि त्यानंतर ओटागो संग्रहालय असा त्याचा प्रवास झाला. न्गाती आवांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर १९९६ मध्ये ते परत देण्याचे ठरले आणि २०११ मध्ये फाकाताने येथे ते पुन्हा उघडले.

सिडनीच्या सुतारांनी केलेल्या या उलथापालथीला अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण ते अज्ञान सुसंगत आहे. पाहणारा बाहेर उभा आहे असे एकदा धरले, की कोरीव बाजू त्याच्याकडे वळवणे क्रमप्राप्तच ठरते. समीक्षा याच कृतीला कधी 'आस्वाद' म्हणते, कधी 'विश्लेषण'.

२

प्रथम आस्वादाचा पक्ष पाहू. सप्टेंबर १९८४ मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन प्रदर्शने उघडली. आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनाने विसाव्या शतकातील कलेतील 'आदिमतावाद' हा विषय घेतला होता आणि आदिवासी व आधुनिक यांच्यातील 'जवळीक' हे त्याचे सूत्र होते. आफ्रिका व ओशनिया येथील मूर्ती आणि मुखवटे युरोपीय आधुनिकांच्या कलाकृतींशेजारी ठेवण्यात आले. थॉमस मॅकएविली आणि जेम्स क्लिफर्ड यांनी त्यावर केलेली टीका आता सर्वपरिचित आहे. युरोपीय वस्तूला कर्ता आहे, तारीख आहे, विकास आहे. तिच्या शेजारच्या वस्तूला यांपैकी काही नाही. पॅरिसमधील चित्रकाराची नजर पडते त्या क्षणी ती इतिहासात प्रवेश करते.

त्याच महिन्यात मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 'ते माओरी' हे १७४ वस्तूंचे प्रदर्शन सुरू झाले. न्यूझीलंडच्या संग्रहालयांतील या वस्तू पाठवण्यासाठी संबंधित जमातींची संमती घेण्यात आली. १० सप्टेंबरच्या पहाटे माओरी वडीलधाऱ्यांनी विधिपूर्वक दालन उघडले. वस्तूंबरोबर त्यांची माणसेही आली होती. ही माणसे वस्तूंशी बोलत, त्यांना हाका मारत, त्यांच्यासाठी अश्रू ढाळत. दर्शक म्हणून सरावलेल्या शहराला या प्रसंगी काय पाहावयाचे, हा प्रश्न पडला असल्यास नवल नाही. 'जवळीक' हा शब्द दोन्ही ठिकाणी लागू होता. परंतु एका ठिकाणी ती आकारांची जवळीक होती आणि दुसऱ्या ठिकाणी नात्याची.

आकारांची जवळीक मराठी वाचकाला परकी नाही. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाची उभारणी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर केली आणि सौंदर्यवाचक विधानाला वस्तूच्या लौकिक उपयुक्ततेपासून अलग केले. बोधवादाच्या कचाट्यातून मराठी समीक्षेला सोडवण्याचे त्या भूमिकेचे ऐतिहासिक कार्य मोठे आहे, हे निर्विवाद. मात्र या भूमिकेने कोरीव खांबातील वळणांचा संवाद टिपला, त्यातील रिक्त जागांचा समतोल दाखवला, तरी तो खांब कोणाचा आजा आहे हा प्रश्न तिच्या भाषेत विचारताच येत नाही. येथे नाते हा संवेदनेचा भाग नसून बाहेरची माहिती ठरते. माओरी दृष्टीने मात्र 'फाकापापा', म्हणजे वंशावळ, ही वस्तूविषयीची माहिती नाही. ती वस्तूची घडणच आहे. ती वजा केल्यावर उरते ते लाकूड.

ब्रिटिश म्युझियममधील 'आआ' या मूर्तीचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे आहे. रुरुतू बेटावरील लोकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर १८२१ मध्ये ही मूर्ती रायआतेआ येथील मिशनऱ्यांच्या स्वाधीन केली. तिच्या अंगावर तीस लहान आकृती आहेत. पाठीवर झाकण असून आतील पोकळीत त्या वेळी आणखी २४ लहान मूर्ती होत्या; त्या आज उपलब्ध नाहीत. या मूर्तीवर विल्यम एम्पसन यांनी कविता लिहिली. अनेकार्थतेचे प्रकार मोजणाऱ्या समीक्षकाने पोटात देव बाळगणाऱ्या देवाकडे ओढले जावे, यात एक सुसंगती आहे. ही मूर्ती त्यांच्या हाती आधुनिक संशयी मनाचे प्रतीक झाली. कवीचा हा हक्क कोणी नाकारणार नाही. पण समीक्षेने एवढे तरी पाहावयास हवे, की अनेकार्थतेचे हे रिकामे पात्र रिकामे झाले ते त्यातील मूर्ती काढून घेतल्यानंतर. वस्तूची 'मुक्तता' आणि वस्तूची लूट यांच्यातील सीमारेषा आस्वादवादाने कधी आखली नाही. त्याला तशी गरजही वाटली नाही.

३

यावर असे उत्तर दिले जाईल, की रूपवाद आता मागे पडला असून संरचनावादाने आणि त्यानंतरच्या विचारांनी अर्थाची स्थिरता, कर्त्याचे प्रामाण्य आणि युरोपचे केंद्रत्व हे सर्वच उधळून लावले आहे. हे उत्तर तपासण्यासाठी या सिद्धान्तांची शब्दसंपत्ती कोठून आली हे पाहणे आवश्यक ठरते.

'तापू' हा शब्द कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ मध्ये टोंगा बेटांवर इंग्रजी लेखनात शिरला आणि फ्रॉइडच्या १९१३ च्या ग्रंथात मनोविश्लेषणाच्या पायाचा दगड झाला. 'हाऊ' हा शब्द तामाती रानापिरी या माओरी जाणकाराने एल्सडन बेस्ट यांना लिहून पाठवलेल्या मजकुरातून मार्सेल मॉस यांच्याकडे गेला. त्यावरून मॉस यांनी १९२५ च्या निबंधात दानाचा सिद्धान्त उभारला: दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचे काही तत्त्व असते आणि ते परत येऊ पाहते. मार्शल साहलिन्स यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की रानापिरी पक्षी पकडण्याच्या एका विधीचे स्पष्टीकरण करीत होते. अरण्याने दिलेले अरण्याला कसे परत करावयाचे, हा त्यांचा विषय होता आणि देवघेवीचे उदाहरण त्यांनी केवळ तो समजावण्यासाठी दिले होते. विधी गळला, उदाहरण उरले, आणि उदाहरणाचा सिद्धान्त झाला. पुढे देरिदा यांनी १९९१ मध्ये दानाच्या अशक्यतेचा विचार मांडला तो मॉस यांना समोर ठेवून. तोवर रानापिरी हे नाव सिद्धान्ताच्या दालनातून जवळजवळ नाहीसे झाले होते. काचपेटीत वस्तू होती, पाटीवर फ्रेंच नाव होते.

'माना' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. लेवी-स्त्रोस यांनी १९५० मध्ये मॉस यांच्या लेखसंग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत 'माना'ला तरंगते चिन्हक मानले: स्वतःचा अर्थ नसलेले आणि म्हणूनच कोणताही अर्थ धारण करू शकणारे प्रतीकात्मक शून्य. संरचनेला केंद्र नसते या नंतरच्या सुप्रसिद्ध प्रतिपादनाला याच कल्पनेने वाट करून दिली. मराठीत संरचनावाद आणि विरचनावाद यांची ओळख करून घेणारा विद्यार्थी 'तरंगते चिन्हक' हा शब्दप्रयोग पाठ करतो. परंतु हा शब्द ज्यांचा आहे त्यांच्यापैकी एका समाजाने १८३५ मध्ये, उत्तर न्यूझीलंडमधील सरदारांनी केलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, भूमीवरील सार्वभौम सत्ता सांगण्यासाठी 'माना' हाच शब्द वापरला होता, हे त्याला कोणी सांगत नाही. १८४० च्या वायतांगी तहाच्या माओरी मसुद्यात तो शब्द आला नाही. राणीला काय दिले हे सांगताना तेथे राज्यकारभाराच्या अर्थाचा एक नवा, इंग्रजीवरून घडवलेला शब्द योजला गेला. 'माना' देतो असे लिहिले असते, तर सरदारांनी सह्या केल्या असत्या का, हा न्यूझीलंडच्या इतिहासातील एक खरा वादविषय आहे. एका टोकाला ज्या शब्दावर देशाचे भवितव्य लटकत होते, तोच शब्द दुसऱ्या टोकाला अर्थशून्यतेचा आदर्श नमुना ठरला. त्या चिन्हकाला कोणीतरी आधी त्याच्या जमिनीवरून उपटले. मगच ते तरंगू लागले.

'मोको' म्हणजे चेहऱ्यावर कोरलेले गोंदण. चेहऱ्याची दुभंगलेली मांडणी आशियापासून अमेरिकेपर्यंत कशी आढळते याचा विचार करताना लेवी-स्त्रोस यांनी मोकोचा आधार घेतला, आणि हे गोंदण व्यक्तीच्या सामाजिक स्थानापासून अलग करता येत नाही हे मार्मिक निरीक्षणही नोंदवले. पण युरोपला मोकोचे ज्ञान ज्या मार्गाने झाले त्यात जतन केलेल्या मस्तकांचा मोठा वाटा आहे. न्यूझीलंडमधील युद्धांत लढलेले होरेशिओ रॉबली यांनी १८९६ मध्ये 'मोको' हा ग्रंथ लिहिला आणि अशा मस्तकांचा मोठा संग्रह केला. त्यातील बहुतांश मस्तके न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने १९०७ मध्ये विकत घेतली. तेथील ३५ मस्तके अन्य मानवी अवशेषांसह डिसेंबर २०१४ मध्ये मायदेशी परतली. फ्रान्समधील रूआँ शहराने आपल्याकडील एक मस्तक परत देण्याचे २००७ मध्ये ठरवले, तेव्हा राष्ट्रीय संग्रह अहस्तांतरणीय असतो या कारणाने केंद्र सरकारने ते रोखले. अखेर २०१० मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. माणसाचे डोके हे संग्रहातील वस्तू आहे की मृताचा देह, हे ठरवण्यासाठी एका प्रगत प्रजासत्ताकाला कायदा लागतो, यावरून संग्रह या कल्पनेची ताकद लक्षात यावी. दरम्यान २०२० ते २०२३ या काळात न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री असलेल्या ननाया माहुता यांच्या हनुवटीवर मोको होते. संरचनेचा नमुना म्हणून वाचलेले चिन्ह वाचणाऱ्याकडे पाहत वाटाघाटींना बसले होते.

४

या प्रतिपादनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा, की यातील बऱ्याच वस्तू लुटलेल्या नाहीत. त्या विकल्या किंवा दिल्या गेल्या. बंदुकांसाठी मस्तकांचा व्यापार माओरींनीही केला. सिडनीच्या गव्हर्नरने १८३१ मध्ये त्यावर बंदी घातली. 'आआ' तर भाविकांनीच सोपवला. हे सर्व खरे आहे. पण विक्रीची पावती फक्त एका व्यवहाराची साक्ष देते. नाते संपल्याची साक्ष ती देत नाही. हवाईचा राजा कालानीओपुउ याने १७७९ मध्ये आपला पिसांचा झगा कुकच्या अंगावर घातला, ती भेटच होती. १९१२ मध्ये तो वेलिंग्टनच्या संग्रहालयाला मिळाला. २०१६ मध्ये तेथील 'ते पापा' संग्रहालयाने तो होनोलुलूच्या बिशप संग्रहालयाकडे प्रथम दीर्घ मुदतीसाठी पाठवला आणि २०२० मध्ये कायमचा दिला. कायद्याने कोणतीही सक्ती नव्हती. रानापिरी यांचे म्हणणे मॉस यांच्यापेक्षा या कृतीने अधिक नेमके वाचले.

दुसरा आक्षेप देशीयतेच्या बाजूने नव्हे, तर देशीयतेच्या भीतीने घेतला जातो. नात्याला प्रामाण्य दिले की शुद्ध, अचल परंपरेचा पुरस्कार होतो, असे म्हटले जाते. माओरी कलेचा इतिहासच या भीतीचे निरसन करतो. 'ते पापा'मधील 'ते हाऊ की तुरांगा' हे सभागृह राहारुही रुकुपो यांनी १८४० च्या दशकाच्या आरंभी पोलादी पटाशांनी कोरले, आणि ते या परंपरेचे शिखर मानले जाते. १८६७ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी ते उचलून नेले, याचा अर्थ रोंगोफाकाआता जमातीने परंपरा गमावली असा नाही. तिने घर गमावले. परंपरेतील सत्तासंबंधही टीकेच्या कक्षेबाहेर नाहीत. 'ते माओरी' प्रदर्शनात पुरुषांचे कोरीव काम होते आणि स्त्रियांचे विणकाम जवळजवळ वगळले होते; यावर टीका केली ती माओरी विदुषींनीच. नाते म्हणजे वाद संपण्याचे ठिकाण नव्हे. वाद कोणाकोणात होऊ शकतो, हे नाते ठरवते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. प्रत्येक संहितेवर तिच्या समाजाची संमती लागू झाली, तर समीक्षा उरणार कशी? येथे 'ताओंगा' या शब्दाकडे यावे लागते. वायतांगी तहाच्या माओरी मसुद्यातील दुसऱ्या कलमाने जमिनी आणि वस्त्यांबरोबर 'सर्व ताओंगा' यांची हमी दिली. १९८६ मध्ये वायतांगी न्यायाधिकरणाने माओरी भाषा हीसुद्धा ताओंगा आहे असा निर्वाळा दिला आणि १९८७ मध्ये ती राजभाषा झाली. २०११ च्या अहवालात याच न्यायाधिकरणाने ज्ञान व कलाकृती यांच्याबाबतीत राखणदारीच्या नात्याला, 'कायतियाकी' असण्याला, महत्त्व दिले. राखणदारी म्हणजे सरसकट मनाई नव्हे. भाषा ही कुलुपात ठेवण्याची गोष्ट नाही. ती शिकण्याची, बोलण्याची, इतरांनीही बोलण्याची गोष्ट आहे. पण ती बोलणाऱ्याने आपण कोणाची भाषा बोलतो आहोत याची जाण ठेवावी, एवढे तरी ताओंगा ही कल्पना मागते. वाचनाचा अधिकार येथे नाकारलेला नाही. तो अधिकार जन्मसिद्ध असल्याचा समज मात्र नाकारलेला आहे.

५

मराठी समीक्षेला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. 'माताआतुआ' ज्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या साठवणीत पडून होते, त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये वाघनखे साताऱ्यात आली, तीन वर्षांच्या मुदतीने उसनी. त्यावरील चर्चेत जोर होता तो हीच ती वाघनखे का, या प्रश्नावर. तसे सिद्ध करता येत नाही हे संग्रहालयानेही म्हटले आहे आणि इतिहासाच्या शिस्तीला तो प्रश्न अपरिहार्य आहे. परंतु खरी की खोटी हा संग्रहालयाचा प्रश्न आहे; पाटी बरोबर आहे ना, एवढेच तो विचारतो. १८१८ मध्ये सातारच्या राज्याची फेरमांडणी करणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे, ग्रँट डफकडे, अशी वस्तू जाते तेव्हा देणारा कोणत्या स्थितीत देतो, आणि उसनवारीच्या अटींवर ती परत येते तेव्हा स्वीकारणारा नेमके काय स्वीकारतो, हे प्रश्न या चर्चेत मागे पडले.

साहित्याच्या क्षेत्रात याहून चांगला दाखला मराठीतच आहे. जात्यावरच्या ओव्यांना 'अनामिक लोकवाङ्मय' म्हणण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहात मात्र एक लाखाहून अधिक ओव्या गाणाऱ्या स्त्रीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह नोंदवल्या गेल्या. अनामिकता हा लोकवाङ्मयाचा गुणधर्म नव्हता. तो संग्राहकाच्या वहीचा गुणधर्म होता. नाव लिहिल्यावर ओवीचे सौंदर्य कमी झाले नाही. वाचकाची जबाबदारी मात्र वाढली.

माओरी सभागृहासमोर येणाऱ्या परक्या माणसाला 'मानुहिरी' म्हणतात. तो वेशीशी थांबतो. यजमानांपैकी एक स्त्री हाक घालते, तिला आलेल्यांपैकी स्त्रीने उत्तर द्यावयाचे असते. मग पुढे पाऊल पडते. त्यानंतरच्या भाषणांत आपण कोण, कोठून आलो, कोणाची माणसे, हे सांगावे लागते. मग आत जाता येते, आणि आतून भिंती जशा दिसावयाच्या तशा दिसतात. मराठीत 'पाहणारा' आणि 'पाहुणा' हे शब्द कानाला जवळचे असले तरी व्युत्पत्तीने वेगळे आहेत; पाहुणा हा 'प्राघूर्णक' या शब्दातून आला, पाहण्यातून नव्हे. समीक्षेने आपली सारी प्रतिष्ठा पाहण्यावर उभी केली आणि पाहुणेपणाचे नियम शिकण्याचे टाळले. दुसऱ्यांच्या शब्दांनी आपला सिद्धान्त सजवणाऱ्या आणि त्या शब्दांच्या धन्यांना विसरणाऱ्या समीक्षेने स्वतःला वसाहतवादविरोधी म्हणवून घेऊ नये. तिने आधी वेशीशी थांबावे, आपले नाव सांगावे आणि हाक येईपर्यंत वाट पाहावी.